थिबा राजवाड्यात तीस वर्षं राहिला नाही

मोबाइल पिशव्यांत ठेवा. वह्याही मिटा. आज धडा पुढे सरकणार नाही.

फळ्यावर तीन सालं लिहिली आहेत, ती बघा. १८८६, १९१०, १९१६. मंडाले जिंकल्यावर इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये इथं रत्नागिरीला आणलं. आज आपण ज्याला थिबा राजवाडा म्हणतो तो बांधून झाला १९१० मध्ये. राजा इथंच वारला, १९१६ मध्ये. आता सांगा, त्या राजवाड्यात तो किती वर्षं राहिला? सहा. तिसरीतलं पोर ही वजाबाकी करील. आणि आपल्या वर्गाच्या विकीवर काय लिहिलंय? ‘राजाने आयुष्याची तीस वर्षे या भव्य राजवाड्यात व्यतीत केली.’ हेच वाक्य ब्लॉगवरच्या निम्म्याहून अधिक लेखांत आहे. तोच ‘भव्य’, तेच ‘व्यतीत’. तुमच्यापैकी कुणीही कधी काही ‘व्यतीत’ केलेलं मी ऐकलेलं नाही.

तीस वर्षं तो रत्नागिरीत होता, हे खरं. पण त्यातली चोवीस त्यानं सरकारनं नेमून दिलेल्या बंगल्यांत काढली. हा फरक तुम्हाला बारीकसारीक वाटत असेल. तो बारीक नाही. राज्य गेलेला माणूस, बरोबर राण्या आणि मुली, परवानगीशिवाय पाऊल टाकायची सोय नाही, जवळचं जडजवाहीर विकून भागवायचे दिवस. आणि राजवाडा मिळाला तेव्हा आयुष्य संपत आलेलं. तुमच्या एका वाक्यानं हे सगळं पुसून टाकलं आणि कैद्याला मजेत राहणारा पाहुणा करून ठेवलं. याच शहरात जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैद, दोघेही एकाच सरकारचे, एकाच काळात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दिसल्यावर रात्री झोप येऊ नये. तुमच्या एकाही लेखात ते नाही, कारण जिथून तुम्ही उचललंत तिथं ते नव्हतं.

कसं उचललंत, तेही मला ठाऊक आहे. विकीवर काही लपत नाही. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला आणि कोणता खोडला, हे तिथं ओळीनं नोंदलेलं असतं आणि ते तुम्हाला पुसता येत नाही. मुदत संपायच्या आदल्या रात्री साडेअकराला पहिला मजकूर पडला. मध्यरात्रीपर्यंत तो हातोहात फिरला. एकानं विशेषणं मागंपुढं केली, दुसऱ्यानं परिच्छेदांचा क्रम बदलला, तिसऱ्यानं फक्त आपलं नाव घातलं. त्या अर्ध्या तासात कुणीही राजवाड्याच्या पाटीवरचं साल वाचायला गेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. बसस्टँडपासून राजवाडा असा किती लांब आहे?

तुम्ही चुकलात म्हणून मी रागावलेले नाही. चूक व्हावी, ती कुणीतरी पकडावी, ‘हे कुठून घेतलंस?’ असं विचारावं, आणि लिहिणाऱ्यानं उत्तर शोधत जावं, यासाठीच तर विकी हा प्रकार आहे. प्रत्येक पानाला जोडून चर्चेचं पान दिलेलं असतं ते त्यासाठी. थिबाच्या पानाचं चर्चेचं पान उघडून बघा. कोरं आहे. एवढ्या मोठ्या वर्गात एकालाही एक प्रश्न पडला नाही. माझा राग त्या कोऱ्या पानावर आहे.

जूनमध्ये मी तुम्हाला तीन जागा दिल्या होत्या. वर्गाची बंद जागा: तिथं फक्त आपण, बाहेरचं कुणी नाही, कच्चं लिहायचं आणि एकमेकांचं वाचून बोलायचं. ब्लॉग: स्वतःच्या नावानं, स्वतः पाहिलेलं आणि विचारलेलं लिहायचं, गावातल्या कुणीही वाचावं असं. आणि विकी: सगळ्यांनी मिळून एकेक पान बांधायचं, तिथं आपली मतं नाहीत, प्रत्येक विधानाला आधार. तीन जागांचे तीन धर्म वेगळे आहेत, हे मी पहिल्या तासाला फळ्यावर लिहून दिलं होतं. तुम्ही तिन्ही ठिकाणी एकच केलंत. जमा केलंत. बटण दाबलं की सुटलो, अशा पाट्या टाकल्यात.

बंद जागेबद्दल आधी बोलते, कारण तिथं जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

तुमच्यातल्या एका मुलीनं तिथं आपल्या आजोबांशी झालेलं बोलणं उतरवलं होतं. रापणीबद्दल. जाळं होडीतून समुद्रात गोल सोडून आणायचं, मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांनी किनाऱ्यावरून ते ओढायचं. कोण पुढं उभं राहायचं, दोर हातात घेताना काय म्हणायचे, मासळी आल्यावर वाटे कसे पडायचे, जाळ्याला किती, होडीला किती, ओढणाऱ्या हाताला किती. मग पर्ससीनच्या बोटी आल्या, किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, आणि रापणीला माणसं मिळेनाशी झाली. २०१६ मध्ये सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले तेव्हा वाडीत काय बोललं गेलं, हेसुद्धा तिनं आजोबांना विचारलं होतं. हे तिनं घरी बोलतात तसंच लिहिलं. शुद्धलेखन चुकलेलं होतं, वाक्यं मध्येच तुटलेली होती. असणारच. तो खर्डा होता. खर्ड्यासाठीच ती जागा होती.

आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि आपल्या स्टेटसला ठेवला. खाली हसणारी तोंडं. आणि ‘गावठी’ असा शेरा.

खाली बघू नका. माझ्याकडे बघा. किती जणांनी ते पाहिलं, किती जणांनी पुढं पाठवलं, याची मला कल्पना आहे. ज्यानं काढला त्याच्याइतकेच, पाहून गप्प बसलेले सगळे यात आहेत. संगमेश्वरी, खारवी, दालदी, चित्पावनी, या जिल्ह्यात किती तऱ्हेनं बोललं जातं. तुमच्या घरी आजी कोणत्या पुस्तकातलं बोलते? जी भाषा ऐकत तुम्ही मोठे झालात ती कॉलेजच्या फाटकात शिरताना काढून ठेवायची आणि दुसऱ्यानं तसं केलं नाही तर त्याला हसायचं, हा कोडगेपणा तुम्ही कुठून शिकलात?

आता दुसरी गोष्ट ऐका, कारण ती तुमच्या लक्षात आलेली नाही. त्या दिवसापासून त्या मुलीनं तिथं एक अक्षर लिहिलेलं नाही. तिच्या मागोमाग बाकीचेही गप्प झाले. मी तारखा लावून पाहिल्या. त्या आधीच्या आठवड्यात बंद जागेत मोडकीतोडकी का होईना, पण तुमची स्वतःची वाक्यं येत होती. कुणी मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्याबद्दल लिहिलं होतं, कुणी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत खलाशी गावी जातात त्याबद्दल. स्क्रीनशॉटनंतर जे आलं ते सगळं गुळगुळीत, उचललेलं. साहजिक आहे. आपलं कच्चं लिहिणं उद्या कुणाच्याही मोबाइलवर हसण्याची वस्तू होऊ शकतं हे कळल्यावर कोण कच्चं लिहील? उचललेल्या वाक्याला कुणी हसत नाही. ‘भव्य राजवाड्यात व्यतीत’ या वाक्याला कुणी गावठी म्हणणार नाही. म्हणून ते वाक्य इतक्या जणांच्या लेखांत आलं. तुमच्या नक्कलेचं मूळ आळसात आहेच, पण त्याहून जास्त त्या एका स्क्रीनशॉटमध्ये आहे. वर्गातली एकमेव जागा, जिथं चुकण्याची मुभा होती, ती तुम्ही स्वतःच्या हातानं मोडलीत.

बंद जागा म्हणजे चार भिंती नव्हेत. कुलूप आणि परवलीचा शब्द मी लावून देऊ शकते. आत जे वाचलं ते बाहेर न नेण्याची शिस्त मला लावून देता येत नाही, ती तुमच्यातच असावी लागते.

साने गुरुजी तुम्हाला ठाऊक आहेत. जन्म पालगडचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, दापोली तालुक्यातला. पण त्यांनी शिक्षक म्हणून काय केलं, ते तुमच्यातल्या किती जणांनी वाचलंय? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना ते छात्रालयही सांभाळत, आणि तिथल्या मुलांसाठी रोज हातानं लिहून एक दैनिक काढत. छात्रालय दैनिक. छापखाना नाही, खर्च नाही. मुलांच्या रोजच्या जगण्याबद्दल, देशात काय चाललंय त्याबद्दल, चांगल्या पुस्तकांबद्दल, त्या मुलांशीच बोलणारं. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक त्यांनी सुरू केलं. शंभर वर्षं व्हायला आली. आपल्या महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांतली भित्तिपत्रकं, हस्तलिखितं, वार्षिकांक, सगळी त्याच जातीची. आपल्यातलं कुणीतरी लिहितं, आपल्यातलेच वाचतात, आणि लिहिणाऱ्याला माहीत असतं की उद्या कॅन्टीनमध्ये हा वाचक समोर भेटणार आहे. ब्लॉग काय किंवा विकी काय, मला ते याच कारणासाठी तुमच्या हातात द्यावेसे वाटले. माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात पडणारा निबंध एकटी मी वाचते आणि गुण देऊन परत करते. तो कुणाला उपयोगी पडत नाही. तुम्ही लिहिलेलं तुमच्याच वयाच्या मुलानं वाचावं आणि तुम्हाला अडवावं, एवढी साधी अपेक्षा होती.

ब्लॉगकडे वळते. तिथला दुसरा विषय होता कातळशिल्पं. मुद्दाम दिला होता, कारण या विषयात रत्नागिरीच्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा जास्त कळायला हवं. आपल्या सड्यांवर, जांभ्याच्या कातळात कोरलेली ही चित्रं. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस. देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यातली सात आपल्या जिल्ह्यातली. उक्षीला तर कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. आणि तुम्ही काय केलंत? इंटरनेटवरचे फोटो उचलले, छायाचित्रकाराचं नाव कापून टाकलं आणि खाली लिहिलंत, ‘ही शिल्पे बारा हजार वर्षांपूर्वीची आहेत.’ कुणी सांगितलं? पुरातत्त्वाचे अभ्यासक वयाबद्दल अजून जपून बोलतात, कारण कातळात कोरलेल्या रेषेत कार्बनचं कालमापन करता येईल असं काही उरत नाही. आजूबाजूच्या गुहा, दगडी हत्यारं, चित्रांतले प्राणी, यांवरून अंदाज बांधावा लागतो. जिथं तज्ज्ञ अंदाज म्हणतात तिथं तुम्ही ठोकून आकडा दिलात.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी ही चित्रं कशी शोधली? उन्हातान्हात सडे तुडवून. गुराख्यांना विचारून, वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना विचारून, शाळेतल्या पोरांना विचारून. गावकऱ्यांना ती चित्रं माहीत होती. ती काय आहेत हे विचारायला कुणी गेलं नव्हतं. विचारायला गेलं की सापडतं, हे त्यांनी करून दाखवलं, आणि तेही याच जिल्ह्यात, तुमच्या डोळ्यांसमोर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तुमच्याबद्दल म्हणायची वेळ यावी याचं मला वाईट वाटतं. तुमच्यातला एक जण रोज ज्या एसटीनं येतो ती कातळशिल्पाच्या गावावरून येते. त्याच्या लेखातही तोच उचललेला फोटो आहे.

ब्लॉगवर मला तुमचा सडा हवा होता. तिथं पोचायला किती चालावं लागतं, पावसाळ्यात चित्रात पाणी साचतं का, गावातले लोक त्याला काय म्हणतात, चिरेखाण किती अंतरावर आली आहे. हे लिहायला पुरातत्त्वज्ञ असावं लागत नाही, पाय लागतात. आणि हे दुसऱ्या कुठल्याही पानावर नाही. तुम्ही लिहिलंत तरच असेल.

विकीचं मात्र उलट आहे, आणि इथं तुमचा घोळ झाला. विकिपीडियाचा नियम असा की तिथं स्वतःचं संशोधन चालत नाही. दुसऱ्यानं आधी विश्वासार्ह ठिकाणी छापलेलं असेल तेच, संदर्भ देऊन, आपल्या शब्दांत लिहायचं. आपल्या वर्गाच्या विकीलाही मी तोच नियम लावला होता. तुम्ही ब्लॉगवर विकिपीडिया उतरवला आणि विकीवर ‘आम्हाला हे ठिकाण खूप आवडले’ असं लिहिलंत. विकिपीडियावरचा मजकूर श्रेय देऊन वापरता येतो, त्याला तशी उघड परवानगी आहे. श्रेयाची एक ओळ लिहिली असती तर ती चोरी झाली नसती. तेवढीही ओळ तुम्ही लिहिली नाहीत.

आणि हे आपल्याच वर्गापुरतं नाही. २०११ मध्ये पुण्यात विकिमीडिया फाउंडेशननं एक प्रयोग केला होता. तिथलं अभियांत्रिकी महाविद्यालय, सिम्बायोसिसची अर्थशास्त्राची शाखा, अशा ठिकाणच्या शेकडो विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. कल्पना उत्तम होती. झालं काय? पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे चिकटवले गेले. ते शोधून काढण्यात आणि पुसण्यात जगभरच्या स्वयंसेवकांचे दिवस गेले. पगार न घेता काम करणारी ती माणसं. त्यातली कित्येक चिडली, आणि प्रयोग त्याच वर्षी आवरता घ्यावा लागला. त्या मुलांत हुशारीची कमतरता नव्हती, प्रवेश मिळवायला घाम गाळलेली मुलं होती ती. त्यांनाही वाटलं होतं की कुठून तरी आणून भरलं की काम झालं. आपण भरलेलं दुसऱ्या कुणाला तरी उपसावं लागणार आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या डोक्यात आलं का?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाला सुरू झाला. लेख लाखाच्या आसपास आहेत. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर. तिथं नियमानं लिहिणारी माणसं मोजकीच, आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री बसणारी. ज्या गावाबद्दल तिथं दोन ओळींचं पान आहे, त्या गावात तुमच्यातलं कुणीतरी राहतं. मराठीत नेटवर काही मिळत नाही, ही तक्रार मी तुमच्याकडून दर सत्रात ऐकते. कोण टाकणार आहे मराठीत? वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा डोलारा उभा केला, पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्याच्याही आधी केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश जिद्दीवर पुरा केला. दोन्ही आज घरबसल्या मोबाइलवर वाचता येतात. १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर, दहावा खंड, तेही वाचता येतं. शिवाय आपल्या गावात १८२८ पासूनचं जिल्हा नगर वाचनालय आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं म्हणून त्याचं नाव घेतात. तुमच्या नोंदींत यांपैकी एकाचाही संदर्भ मला मिळाला नाही.

विकीवर आणखी एक प्रकार घडला, तो थोडक्यात सांगते. दोघांनी एकाच पानावर लिहिलं, आणि एकाला दुसऱ्याचा परिच्छेद पटला नाही म्हणून त्यानं तो अख्खा उडवला. चर्चेत एक शब्द नाही. नंतर दुसऱ्यानं याचा उडवला. रात्रभर हेच. हे तंटे गडग्यावरून भाऊबंद घालतात तसले आहेत. न पटलेला मजकूर काढायच्या आधी कारण लिहायचं, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा, हे न जमणाऱ्यानं धूळपाटीवर सराव करावा. विकिपीडियावर ती प्रत्येकाला मिळते, आपल्या विकीवरही मी ठेवली आहे.

आता तुमची कारणं. रेंज नाही, घरात मोबाइल एकच आणि तो बाबांबरोबर बोटीवर जातो, हे ज्यांचं खरं आहे त्यांना आजच्यातलं काहीही लागू नाही. त्यांनी कागदावर लिहून आणावं, मी स्वतः चढवीन; हे मी आधीही सांगितलं होतं आणि दोघांनी तसं केलं. त्या दोघांचे लेख सगळ्यात चांगले आहेत. त्यांच्याजवळ उचलायला काही नव्हतं, त्यामुळे त्यांनी विचारलं आणि लिहिलं. बाकीच्यांची रेंज रात्री साडेअकराला उत्तम असते, हे पानाचा इतिहास सांगतो.

‘मॅडम, चॅटजीपीटीला विचारलं तर काय बिघडलं?’ हे काल एकानं विचारलं. बरं केलं विचारलं. विचारा. पण तो जे सांगेल ते तपासायला तुमच्याकडे काय आहे? सहा वर्षं की तीस वर्षं, हे तुम्हाला फळ्यावर सालं मांडून बघावं लागेल. आणि ज्या आजोबांनी रापण ओढली त्यांच्या ओटीवर जाऊन बसणं त्याला जमणार नाही. त्याच्याजवळ जे आहे ते कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं आहे. तुमच्या वाडीचं कुणी लिहिलेलंच नाही. तो गुळगुळीत वाक्य देईल, तुम्ही ते लावाल, उद्या दुसरा कुणी तुमचं पान वाचून तेच खरं धरील. रत्नागिरीबद्दलची एक चूक रत्नागिरीच्याच मुलांनी पक्की केलेली असेल.

तुम्हाला हे जमत नाही असं मला वाटलं असतं तर मी आज हा तास खर्च केला नसता. निबंध लिहून घेतले असते, गुण दिले असते. बर्फाच्या कारखान्याबद्दल ज्यानं लिहिलं त्याच्या पाच ओळी मला अजून आठवतात. पहाटे लाद्या फोडण्याचा आवाज आणि त्यानंतर लिलावाची ओरड. ते त्यानं पाहिलं होतं. मग पुढच्या लेखात त्यालाच ‘व्यतीत’ का लागला?

तर आता काय करायचं ते ऐका. थिबाचं पान मी पुसणार नाही. आधी चर्चेच्या पानावर प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी एका प्रश्नाला संदर्भासह उत्तर द्यायचं. मगच मुख्य पानाला हात लावायचा. ब्लॉगवरचे उचललेले फोटो आज रात्रीपर्यंत उतरवा. ज्यांना ठेवायचे असतील त्यांनी छायाचित्रकाराला लिहून परवानगी घ्यावी आणि नाव द्यावं. पुढच्या रविवारी उक्षीला जाणार आहोत. तिथं गावानं कातळशिल्पाभोवती भिंत घातली आहे, बघायला जागा केली आहे. ती कशी केली, पैसे कुठून आले, कुणी विरोध केला का, हे गावकऱ्यांना विचारायचं. वही आणि पेन आणायचं. मोबाइलनं फोटो काढा, पण त्यांच्याशी बोलताना तो खिशात ठेवा. चपला नकोत, बूट घाला, कातळ तापतो.

बंद जागा मी तात्पुरती बंद केली आहे. ज्यानं स्क्रीनशॉट काढला त्यानं आणि ज्यांनी तो पुढं पाठवला त्यांनी आधी तो आपापल्या मोबाइलमधून काढावा, ज्यांना पाठवला त्यांना काढायला सांगावं, आणि मग माझ्याकडे यावं. मी पाच वाजेपर्यंत स्टाफरूममध्ये आहे. त्या मुलीचा खर्डा मी उतरवून तिच्या हातात दिला आहे. तो परत कुठं ठेवायचा की नाही, हे ती ठरवील. तिच्याकडे जाऊन तिला कुणी गळ घालायची नाही.